नळीचा क्लॅम्प कोणी उघडला

ज्यांच्या छातीत पाणी झालंय आणि ते नळी घालून काढायचंय, अशा माणसांसाठी हे लिहितो आहे. मी त्यातून गेलो, आता बरा होतो आहे. पण एवढंच कारण सांगितलं तर ते अर्धं खरं ठरेल. तेरा वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ विलास याच आजारात, असंच पाणी काढताना गेला. तो कसा गेला हे मी तेव्हापासून चुकीचं सांगत आलो. घरात सांगितलं, कंपनीत सांगितलं, त्याच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला विहारात माइक हातात घेऊन सांगितलं. ते आता नीट सांगायचं आहे.

माझं वय एकाहत्तर. चिंचवडच्या एका कंपनीत चौतीस वर्षं मेंटेनन्सला होतो. लिहायची सवय नाही. एक पान झालं की दमायला होतं, मग वही मिटतो आणि पडून राहतो. त्यामुळे हे सलग वाटलं नाही तर समजून घ्या.

जिना

काळेवाडीत आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दिवाळीनंतर मी जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबू लागलो. खालच्या किराणावाल्याला वाटायचं, म्हातारा गप्पा मारायला थांबतो. मीही चार शब्द बोलायचो, म्हणजे धाप लागलेली कळू नये.

संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. खोकला कोरडा. जेवणावरची वासना उडाली. उजव्या कुशीवर झोपलो तरच बरं वाटायचं, डावीकडे वळलं की श्वास अर्ध्यात तुटायचा. काय होतंय ते मला कळत होतं. विलासचंही असंच सुरू झालं होतं. म्हणूनच मी कोणाला बोललो नाही.

माझी मुलगी रेखा आमच्याच गल्लीत राहते, पिंपरीतल्या एका शाळेत क्लार्क आहे. बायको गेल्यापासून माझं जेवण तिच्याकडेच. एकदा हात धुवायला उठलो तर तिची नजर माझ्या पट्ट्यावर गेली.

"तात्या, हे भोक कधी पाडलं?"

"परवा."

"आणि त्याच्या शेजारचं?"

"ते जुनं आहे."

"पट्ट्याला भोकं पाडत बसलात. डॉक्टरला दाखवायला काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी टाकली आणि मला घेऊन गेली. एक्स-रे काढला. छातीची डॉक्टरीण वयाने रेखापेक्षा लहान होती. तिने फोटो दिव्यावर लावला. डावी बाजू काळी, फासळ्या मोजता येतील अशी. उजवी बाजू खालपासून निम्म्याच्या वरपर्यंत नुसती पांढरी. असा फोटो मी आधी पाहिला होता.

"आजोबा, उजव्या फुफ्फुसाच्या बाहेरून पाणी साठलंय. फुफ्फुस दबून गेलंय. पाणी काढावं लागेल. तपासायलाही आणि श्वासासाठीही."

रेखाने विचारलं, "मॅडम, कॅन्सर वगैरे तर नाही ना?"

"पाणी तपासल्याशिवाय मी काहीच म्हणणार नाही. टीबी असू शकतो, दुसरंही असू शकतं."

रेखाचा चेहरा उतरला. तिला कॅन्सरची भीती वाटत होती. मला नळीची.

"गोळ्यांनी वाळवता येणार नाही का?" मी विचारलं. "एकदा काढलं की ते परत परत भरतं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"भरतं ते मूळ आजारामुळे, आजोबा. काढल्यामुळे नाही. औषध लागू पडलं की थांबतं."

मी मान हलवली. खरं तर भरण्याची भीती मला नव्हतीच. पण बोलायला काहीतरी कारण लागतं. रिक्षात येताना रेखाने माझा हात धरला होता आणि तिला वाटत होतं की मी स्वतःच्या मरणाला घाबरलोय.

सही

हृदयासाठी मी रक्त पातळ करायची एक गोळी घेतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, अशी काही गोळी चालू आहे का. मी नाही म्हणालो. खोटं बोलायचं नव्हतं, ती गोळी इतक्या वर्षांत अंगवळणी पडली होती की औषध वाटतच नव्हती. रेखाने पिशवीतून पट्टी काढून टेबलावर ठेवली. बाईंनी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ती काही दिवस थांबवली आणि मगच तारीख दिली. तुम्ही असली गोळी घेत असाल तर विचारायची वाट बघू नका, आधीच सांगा.

मग कागद आला. बाईंनी तो नुसता पुढे सरकवला नाही, वाचून दाखवला.

"सुई घालताना हवा आत शिरू शकते, म्हणून आधी सोनोग्राफीने जागा बघून खूण करते. थोडं रक्त येऊ शकतं. नळी राहिली तर जंतू होऊ शकतात. चक्कर येऊ शकते. आणि एक महत्त्वाचं. फुफ्फुस बरेच दिवस दबलेलं आहे. पाणी फार भरभर काढलं तर ते एकदम उघडतं आणि मग त्याच्या आतच पाणी उतरतं. हे क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. म्हणून आपण दीडएक लिटर काढून थांबायचं, नळी बंद ठेवायची, मग परत थोडं. मध्ये खोकला यायला लागला, छाती आवळल्यासारखी वाटली, तर लगेच सांगायचं. सहन करत बसायचं नाही."

मग त्यांनी कागद धरून ठेवला आणि मी सही केली.

प्रत्यक्ष काम मी समजत होतो तितकं वाईट नव्हतं, हे सांगायला हवं. पलंगाच्या कडेला बसवलं, पुढे टेबल, टेबलावर उशी, उशीवर डोकं. पाठीला गार औषध लावलं. भूल द्यायचं इंजेक्शन चावतं, नंतर नुसतं दाबल्यासारखं होतं. एक सिस्टर समोर उभी राहून माझे दोन्ही हात धरून होती. वीसेक मिनिटं. पाणी पिवळं निघालं, कडक चहात पाणी घातल्यासारखं. त्या वीस मिनिटांत माझ्या डोक्यात स्वतःचा विचार एकदाही आला नाही.

बाटली

नळीचं दुसरं टोक एका बाटलीत सोडतात. बाटली पलंगाखाली, छातीपेक्षा खालीच ठेवायची असते. उचलायची नाही, आडवी करायची नाही. बाथरूमला जाताना ती हातात धरून गुडघ्याच्या खाली ठेवत चालायचं. नळीवर एक पांढरा प्लास्टिकचा चिमटा असतो, त्याला सगळे क्लॅम्प म्हणतात. दाबला की नळी बंद, सोडला की चालू. सिस्टर दर वेळी बाटलीवरच्या पट्टीवर पेनाने रेघ मारून वेळ लिहायची.

शेजारच्या पलंगावर शौकतभाई होते. कुरुळीत त्यांचं टेम्पो-रिक्षाचं गॅरेज आहे. न्यूमोनियाने आले होते आणि बोलल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं.

"काका, तुमचा रेडिएटर लीक झालाय."

"लीक नाही, जास्त भरलाय."

"मग तर बराच आहे. आमच्याकडे कोरडेच येतात सगळे."

हसलो की नळी टोचायची. त्यांनाही हसलं की खोकला यायचा. मग दोघंही गप्प पडून पंख्याकडे बघायचो.

वॉर्डातले दिवस रेघांवर मोजले जातात. सहाला ताप, आठला चहा, दहाला राउंड, मध्ये श्वास ओढायचं एक खेळणं देतात, त्यातले गोळे श्वासाने वर उचलायचे. पहिल्या दिवशी माझा एकच गोळा उठला आणि तोही लाज राखल्यासारखा.

दुपारी कमल डबा घेऊन यायची. कमल म्हणजे विलासची बायको. कुरुळीला राहते, चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनला आहे. शिफ्ट सुटली की दोन बस बदलून ती येत होती. ज्वारीची भाकरी, पातळ मुगाची आमटी, आणि रोज तेच वाक्य, "भाऊजी, अर्धी तरी खावा." दुसऱ्या दिवशी सिस्टर रेघ मारायला आली. विशी-बाविशीची पोर. कमलने तिला थांबवलं.

"ओ सिस्टर, ते चिमट्याचं बंद हाय न्हवं? नीट बघा. मोबाइल बाजूला ठिवा. आमच्या घरातला माणूस गेलाय तुमच्यातल्याच एकीच्या हलगर्जीनं."

त्या पोरीने क्लॅम्प बघितला. परत बघितला. "बंद आहे, मावशी," ती म्हणाली आणि गेली. जाताना तिचे डोळे भरले होते. मी भाकरीचा तुकडा तोंडात धरून बसलो होतो.

रेखाचा हात

तिसऱ्या दिवशी दुपारी रेखा आली होती. तिच्या सुट्ट्या संपत आल्या होत्या. नळी कधी निघणार, डिस्चार्ज कधी, असं ती आल्यापासून विचारत होती. क्लॅम्प बंद होता, बाटली शांत होती. ती खाली वाकली.

"तात्या, तासभर झाला, यात काही येतच नाही. जरा ढिलं करू का? आज सगळं निघालं तर उद्या मोकळे."

तिने हात पुढे केला आणि मी तिचं मनगट धरलं. कसा उठलो कळलं नाही. पाठीत नळी ओढली गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली. पण सोडलं नाही.

"तात्या, दुखतंय मला."

"हात लावायचा नाही."

"बरं, नाही लावत. सोडा."

मी सोडलं. मनगटावर माझी चार बोटं उठली होती. तिने विचारलं, काय झालं. एरवी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. त्या दिवशी अंगात तेवढी ताकद नव्हती.

"विलासचा क्लॅम्प मीच उघडला होता," मी म्हणालो.

शौकतभाईंनी पलीकडे कूस बदलली आणि झोपल्याचं सोंग घेतलं. इतका वेळ गप्प राहिलेले मी त्यांना तेव्हाच पाहिले.

विलास

तो माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, माझ्या बायकोने त्याला वाढवला. चाकणच्या कंपनीत सहा वर्षं कंत्राटावर होता. छातीत पाणी निघालं तेव्हा नेमकं त्याचं नाव परमनंटच्या यादीत आलं होतं आणि सोमवारी बोलावणं होतं. शनिवारी सकाळी नळी घातली. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू काढू, तीन-चार दिवस लागतील. वैशाली नावाची सिस्टर होती, मराठवाड्याकडची. दीडेक लिटर आल्यावर तिने क्लॅम्प दाबला आणि आम्हाला सांगितलं, "आता डॉक्टर सांगतील तेव्हाच उघडायचं. कोणी हात लावायचा नाही." हे मी ऐकलं होतं. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं असं मी नंतर म्हणत राहिलो. ते खोटं आहे.

आता मी असं का केलं ते सांगतो. सबब म्हणून नाही.

कंपनीत माझ्याकडे कॉम्प्रेसर हाऊस होतं. हवेच्या मोठ्या टाकीच्या तळाशी पाणी साठतं. दर शिफ्टला खालचा कॉक उघडायचा आणि सगळं पाणी जाऊन नुसती हवा फुसफुसेपर्यंत तो बंद करायचा नाही. अर्धवट काढलं तर तेच पाणी पुढे लाइनीत जातं, मशिनं बिघडतात. अर्धवट ड्रेन करून चहाला जाणाऱ्यांना मी सगळ्यांदेखत झापलंय. माझ्या दृष्टीने पाणी अर्ध्यात अडवून ठेवणं म्हणजे कामचुकारपणा. माणसाची छाती म्हणजे टाकी नव्हे, एवढी साधी गोष्ट त्या दुपारी माझ्या डोक्यात आली नाही.

विलास म्हणाला, "दादा, बाटलीत काही येईना."

"बंद करून ठेवलंय."

"मग सोमवारचं कसं?"

"बघू."

"तू एवढ्या टाक्या रिकाम्या केल्यास आन् माझीच राहिली होय." असं म्हणून हसला.

वैशाली सिस्टर पलीकडच्या खोलीत सलाइन लावायला गेली होती. कमल डबा धुवायला नळावर. मी उठलो, क्लॅम्प सोडला, परत स्टुलावर बसलो. इतकंच.

पाणी जोरात आलं. विलास म्हणाला, "मोकळं वाटतंय." मला बरं वाटलं. पंधरा-वीस मिनिटांनी तो खोकायला लागला. मी म्हणालो, "खोक, खोक. दबलेलं उघडतंय." आणि ते खरंच उघडत होतं. मग त्याने छातीवर हात ठेवला. मग तोंडाशी फेस आला, गुलाबी. तेव्हा मी ओरडलो.

वैशाली सिस्टर धावत आली. तिची नजर पहिल्यांदा नळीवर गेली. क्लॅम्प उघडा, बाटली काठोकाठ. तिने तो दाबला आणि तिचा हात तिथेच थांबला. डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला, पलंग ढकलत नेला. नेता नेता त्यांनी विचारलं, "क्लॅम्प कोणी उघडला?"

मी बोललो. "आम्ही कशाला हात लावतोय. सिस्टरच सगळं बघत होत्या."

नळावरून आलेल्या कमलने तेवढंच ऐकलं. तिने पुढे होऊन वैशाली सिस्टरच्या कानाखाली मारली. वॉर्डभर माणसं बघत होती. मीही बघत होतो.

विलास सोमवारी दुपारी गेला. वैशाली सिस्टरला त्याआधीच कामावरून काढलं होतं. एक गोष्ट मी मनात धरून बसलो होतो. "मी बंद केला होता" असं तिने एकदाही ठासून सांगितलं नाही. ती नुसती म्हणत राहिली, "मला वाटतं केला होता." मी स्वतःला समजावलं की तिलाही खात्री नाही, म्हणजे चूक तिचीही असेल. या एका वाक्यावर मी तेरा वर्षं काढली.

मध्ये एकदा ती मला दिसली होती. कोरोनाच्या लशीसाठी रेखाने चऱ्होलीतल्या एका छोट्या दवाखान्यात माझा नंबर लावला होता. रांगेत माझ्यापुढे तीन माणसं होती. आतून आवाज आला, "हात ढिला सोडा, आजोबा." विलासला सुई देताना ती असंच "हात ढिला सोडा" म्हणाली होती, त्याच सुरात. तोंडावर मास्क होता तरी मी ओळखलं. रांगेतून बाहेर पडलो. घरी सांगितलं, लस संपली.

काय सांगितलं, काय नाही

रेखाने हे सगळं ऐकलं. रडली नाही. मग म्हणाली, "काकूला तुम्ही सांगणार, का मी?"

"मी."

"कधी?"

"नळी निघू दे."

"तेरा वर्षं काहीतरी निघायचीच वाट बघताय, तात्या."

डॉक्टरीणबाईंनाही मी राउंडला सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली. म्हणाल्या, "हळू काढूनही हे कधी कधी होतं. तुम्ही उघडला नसता तर ते नक्की वाचले असते, असं मी लिहून देऊ शकत नाही."

"आणि उघडल्यामुळे गेला असं?"

"तेही लिहून देता येणार नाही. पण शक्यता तीच जास्त."

त्या खोटं बोलल्या नाहीत याचं मला बरं वाटलं. पहिलं वाक्य मी माझ्या बाजूने धरत नाही.

सहाव्या दिवशी नळी निघाली. श्वास रोखायला सांगतात आणि एका झटक्यात ओढतात. पाण्याचा रिपोर्ट आला, टीबी. रेखा वॉर्डातच मटकन बसली आणि हसायला लागली. टीबी ऐकून हसणारी बाई शौकतभाईंनी पहिल्यांदाच पाहिली असेल. सहा महिने गोळ्या. पहिल्याच आठवड्यात लघवी नारिंगी झाली. तुम्हालाही होईल. घाबरू नका, औषधाचा रंग आहे. गोळ्या मध्ये सोडू नका.

डबा

घरी आल्यावरच्या रविवारी कमल आली. डबा टेबलावर ठेवला, फडकं सोडायला लागली. मी म्हणालो, "कमल, विलासच्या वेळी क्लॅम्प मी उघडला होता."

"कुठला क्लॅम्प?"

"नळीचा. सिस्टर पलीकडं गेल्यावर. तू नळावर होतीस."

फडक्याची गाठ तिच्या बोटात तशीच राहिली. खाली कोणीतरी गाडीला किक मारत होतं, ती सुरू होईना.

"मी डबा नंतर धुतला असता तर?" तिने विचारलं.

"तुझा काही संबंध नाही. तू असतीस तरी मी उघडला असता. तुलाही सांगितलं असतं की असंच करतात."

"व्हय. आन् मी मान हालवली असती." ती थांबली. "मी त्या बाईच्या थोबाडीत मारली, भाऊजी."

"हो."

"तुमी तिथं उभं व्हता."

"हो."

"ह्यांचं मी आत्ता काय बोलत न्हाई. मला बोलायला याचं न्हाई. पर तो हात माझा व्हता. तुमच्या शब्दावर उचलला मी."

तिने गाठ परत घट्ट केली, डबा उचलला आणि गेली. भरलेला डबा घेऊन ती दोन बस बदलून कुरुळीला गेली असेल. पुढचे अकरा दिवस ती आली नाही, फोन नाही. रेखा म्हणाली, अपेक्षा काय होती तुमची. काहीच नव्हती. पण संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली की मी दाराकडे बघायचो, हे खरं आहे.

बाराव्या दिवशी तिने रेखाला फोन केला. "भाऊजींना इचार, ती बाई कुठं ऱ्हाती त्यांना म्हाईत हाय का."

चऱ्होली

ती अजून त्याच दवाखान्यात होती. आजूबाजूला चौदा-चौदा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्यात, दवाखाना तेवढा तसाच बैठा. मी आणि रेखा रिक्षाने गेलो. कमल परस्पर आली, माझ्याशी बोलली नाही, बाकावर रेखाच्या पलीकडे बसली. मला वाटेत दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला होता. वाक्यं पाठ करून गेलो होतो. त्यातलं पहिलंही आठवेना.

वैशाली सिस्टर बाहेर आली. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय.

"केसपेपर काढलाव का?" तिने विचारलं. मग कमलकडे पाहिलं आणि तिचा आवाज बदलला. "ओळखलं मी. बसा."

कमल उठून उभी राहिली. मी बसूनच बोललो. "सिस्टर, त्या दिवशी क्लॅम्प मी उघडला होता. तुम्ही बंद करून गेला होता."

"काय म्हणायलेत तुम्ही?"

मी परत सांगितलं.

"म्हणजे मी बंद केला होता," ती म्हणाली.

"हो."

"नक्की?"

"माझ्या हाताने सोडला. बंद नसता तर सोडला कशाला असता."

ती बाकावर बसली, कमल उठली होती त्या जागेवर. आपल्या उजव्या हाताकडे बघत होती.

"मी घरातला गॅस तीन-तीनदा बघते," ती म्हणाली. "इथून निघताना कपाटाची कडी बघते, नळ बघते. अर्ध्या वाटेतून परत येते. लेक हसायलीय मला, आई तुला काय झालंय म्हणते. तिला काय सांगू? मला वाटायचं, मी विसरले. त्या दिवशी जरा घाई होती, मी विसरले असेन." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "केला होता मी. मला वाटायलंच होतं."

कमलने हात जोडले. "ताई, माझा हात..."

"तुमचा माणूस गेला होता," वैशाली सिस्टर म्हणाली. कमलला तिने जवळ बसवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना मी काय म्हणणार होतो, मला माफ करा? ते वाक्य मी पाठ करून गेलो होतो, पण तिथे त्याला जागा नव्हती.

आतून कोणीतरी हाक मारली. ती उठली. दारापाशी वळून तिने माझ्याकडे पाहिलं.

"हे लिहून द्याल?"

"कोणाला द्यायचंय?"

"कुणाला नाही. घरी ठेवायचंय."

परत येताना कमल आमच्या रिक्षात बसली. काळेवाडीपर्यंत आली आणि खालूनच गेली. आता ती पंधरा दिवसांतून एकदा येते. डबा आणते. अर्धी तरी खावा, असं म्हणत नाही.

पुढच्या महिन्यात विहारातही सांगणार आहे. तेव्हा ऐकलेल्यांतले निम्मे आता नाहीत. जे आहेत त्यांना सांगेन.

तुमच्या छातीत नळी असेल तर भिऊ नका. बहुतेकांची नीट निघते, माझीही निघाली. खोकला आला तर लपवू नका. बाटली खाली ठेवा. आणि नळीवर पांढरा चिमटा दिसेल, त्याला तुम्ही किंवा तुमच्या माणसाने हात लावायचा नाही. तो बंद आहे तो कोणीतरी विचार करून बंद केलेला आहे.

वैशाली सिस्टरला विचारून तिचं फक्त पहिलं नाव इथे घातलंय. तिला दिलेल्या कागदावर पूर्ण नाव आहे, खाली माझी सही आहे. त्यावर लिहिलंय ते असं:

त्या शनिवारी दुपारी सिस्टरने क्लॅम्प बंद केला होता. तो मी उघडला.